वाढलेलं कुंपण कापताना
डोक्याएवढं वाढून बुडाशी उघडं पडलेलं कोयनेल पावसाळ्याच्या तोंडावर बेधडक दीड-दोन फुटांपर्यंत खाली आणावं. जुन्या खोडालाही धुमारे फुटतात. मोरपंखीशी मात्र असा खेळ नको. तिच्या जून, उघड्या लाकडातून सहसा फूट येत नाही, म्हणून कात्री हिरव्या भागातच थांबवावी. जाड फांदीला करवत लागतेच. कापणीनंतर कुंपण वर अरुंद, खाली रुंद दिसायला हवं. बहुतेक जण (आमचे माळीबुवासुद्धा) नेमकं उलटं करतात. मग सावलीतली खालची पानं झडतात आणि गल्लीतली कुत्री आरपार ये-जा करतात. कात्री लावण्याआधी आत डोकावून पाहावं. बुलबुलाचं घरटं असलं, तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकलावं.