प्रोग्राम सुरू होतानाच्या काही मिलिसेकंदांत नेमकं काय घडतं? जगभरातले सर्व्हर धोक्यात आणणाऱ्या ‘एक्सझेड’ प्रकरणातून समजून घ्या

मार्च २०२४ मधली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये राहणारे मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या वेगाची बारीक मोजमापं घेत होते. अशा वेळी मशीन अगदी शांत लागतं. पण त्यांच्या डेबियन लिनक्सवर एक प्रोग्राम उगाचच सीपीयू खात होता. त्याचं नाव एसएसएचडी. लांबून सर्व्हरवर लॉगिन करता येतं ते याच प्रोग्राममुळे. चुकीच्या युजरनेमने येणारे प्रयत्न तो दारातूनच परत पाठवत होता, तरी त्याची दमछाक होत होती. मोजून पाहिलं तर ज्या कामाला आधी साधारण ०.३ सेकंद लागायचे, त्याला आता ०.८ सेकंद लागत होते.

अर्ध्या सेकंदाचा फरक. दुसरं कुणी असतं तर ‘अपडेट आलं असेल काहीतरी’ म्हणून पुढे गेलं असतं. फ्रॉइंड मात्र त्याच्या मागेच लागले आणि २९ मार्चला त्यांनी जे जाहीर केलं, त्याने लिनक्सच्या दुनियेत खळबळ उडाली. ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइल्स दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली असेल, तो पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकला असता. धोक्याच्या मोजपट्टीवर याला १० पैकी १० गुण मिळाले.

इथे कुणालाही प्रश्न पडेल. फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर आणि लॉगिन करून देणारं सॉफ्टवेअर यांचा एकमेकांशी संबंध काय? एसएसएचडीच्या मूळ कोडमध्ये एक्सझेडचं नावही नाही. तरी एक्सझेडचा कोड एसएसएचडीच्या पोटात पोहोचला. त्याला तिथे नेऊन सोडणाऱ्या यंत्रणेचं नाव आहे ‘डायनॅमिक लिंकर’.

प्रोग्राम अर्धवटच असतो

विंडोजवर गेम इन्स्टॉल केल्यावर ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल सापडत नाही’ असा मेसेज अनेकांनी पाहिला असेल. तो वैताग म्हणजेच या यंत्रणेशी आपली पहिली ओळख. (अशा वेळी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून ती एक फाइल उतरवून घेणं हा सगळ्यात वाईट उपाय. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्याचं पूर्ण पॅकेज फुकट मिळतं.)

मेसेजचा अर्थ सरळ आहे. तुम्ही जो प्रोग्राम डाउनलोड करता तो स्वतःपुरता पूर्ण नसतो. स्क्रीनवर अक्षरं दाखवणं, फाइल उघडणं, नेटवर्कवर बोलणं ही कामं प्रत्येक प्रोग्रामला लागतात. त्यांचा कोड प्रत्येकाने स्वतः वागवण्यापेक्षा तो वेगळ्या फाइल्समध्ये ठेवलेला असतो. या फाइल्स म्हणजे शेअर्ड लायब्ररी. विंडोजवर त्यांना डीएलएल म्हणतात, लिनक्स आणि अँड्रॉइडवर त्यांच्या नावाच्या शेवटी ‘एसओ’ येतं.

याचा फायदा मोठा आहे. लिनक्सवर एका वेळी शेकडो प्रोसेस चालू असतात आणि जवळपास प्रत्येकीला ‘लिबसी’ ही मूलभूत लायब्ररी लागते. तरी तिचा कोड रॅममध्ये एकदाच असतो, सगळ्या प्रोसेस तोच वाटून घेतात. दुसरा फायदा दुरुस्तीचा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाची भयंकर चूक सापडली, तेव्हा ती शेअर्ड लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्राम एका फटक्यात दुरुस्त होत होते. एकच अट, ते बंद करून पुन्हा सुरू करायचे. आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच लायब्ररी धरून बसतो, डिस्कवर नवी आलेली त्याला कळत नाही. ‘अपडेट झालं, आता रीस्टार्ट करा’ या वैतागवाण्या सूचनेमागचं हे एक खरं कारण.

आधी लिंकर, मग प्रोग्राम

लिनक्सवर तुम्ही प्रोग्राम सुरू करता तेव्हा सगळ्यात आधी त्या प्रोग्रामचा कोड चालत नाही. प्रोग्रामच्या फाइलमध्ये लिंकरचा पत्ता लिहिलेला असतो. कर्नल तो वाचतो, प्रोग्राम आणि लिंकर दोघांना मेमरीत आणतो आणि सूत्रं लिंकरच्या हाती देतो.

लिंकर मग प्रोग्रामची यादी काढतो: ‘मला या या लायब्ररी हव्यात.’ ठरलेल्या जागी त्या शोधतो. शोध पटकन व्हावा म्हणून कुठली लायब्ररी कुठे आहे याची तयार नोंद एका कॅश फाइलमध्ये असते. लायब्ररी सापडली की तिचीही यादी निघते, कारण तिलाही दुसऱ्या लायब्ररी हव्या असतात. लग्नाला एका घराला आमंत्रण द्यावं आणि त्यांनी आपल्या पाहुण्यांनाही सोबत आणावं, तसं. तुम्ही पाच जणांना बोलावलेलं असतं, मांडवात तीस जण दिसतात.

एसएसएचडीच्या बाबतीत हेच झालं. डेबियन, फेडोरा यांसारख्या काही लिनक्सच्या मंडळींना एसएसएचडी सुरू झाल्याची वर्दी ‘सिस्टमडी’ला मिळायला हवी होती. सिस्टमडी म्हणजे सगळ्या सेवा चालू-बंद करणारी यंत्रणा. त्यासाठी त्यांनी एसएसएचडीला ‘लिबसिस्टमडी’ जोडली. काम होतं एक छोटा निरोप पाठवण्याचं. पण लिबसिस्टमडी इतरही बरंच काही करते, त्यात दाबलेल्या लॉग फाइल्स वाचणंही आलं. म्हणून ती सोबत एक्सझेडची ‘लिबएलझेडएमए’ घेऊन आली. एका निरोपासाठी अख्खी वरात घरात घेतली गेली. ओपनएसएसएचच्या मूळ लेखकांनी हे जोडलंच नव्हतं, हे इथे आवर्जून सांगायला हवं.

पत्त्यांची वही

लायब्ररी मेमरीत आल्या. खरं किचकट काम इथून सुरू होतं.

मेमरीतल्या प्रत्येक गोष्टीला पत्ता असतो, आणि एखादं फंक्शन वापरायचं तर त्याचा पत्ता माहीत हवा. अडचण ही, की लायब्ररी दर वेळी वेगळ्या जागी उतरते. हल्लेखोरांना अंदाज लागू नये म्हणून ही जागा मुद्दाम बदलती ठेवलेली असते. त्यामुळे लायब्ररीच्या फाइलमध्ये पक्का पत्ता लिहिताच येत नाही. ‘गल्लीच्या तोंडापासून चौथं घर’ एवढंच लिहिता येतं. गल्ली कुठे आहे, ते प्रोग्राम सुरू झाल्याशिवाय ठरत नाही.

मग प्रत्येक प्रोग्राम आणि लायब्ररीसोबत कोऱ्या रकान्यांची एक वही ठेवलेली असते. कोड थेट फंक्शनकडे जात नाही, वहीतला रकाना बघून तिथल्या पत्त्यावर जातो. गल्ली कुठे उतरली ते कळलं की लिंकर त्यात ‘चौथं घर’ मिळवतो आणि आलेला पत्ता वहीत भरतो. या भरण्याला म्हणतात रीलोकेशन. दुसऱ्या लायब्ररीतलं फंक्शन हवं असेल तर लिंकर त्याचं नाव घेऊन ओळीने सगळ्या लायब्ररींकडे विचारणा करतो. ज्याच्याकडे ते नाव आधी सापडेल, त्याचा पत्ता वहीत जातो. एकाच नावाची दोन फंक्शन असली तर रांगेत पुढे असणारं जिंकतं.

कोडला हात न लावता फक्त वही वेगळी ठेवण्यामागे हिशेब आहे. कोडमध्येच पत्ते खोडून लिहिले असते तर प्रत्येक प्रोसेसचा कोड वेगळा झाला असता आणि रॅममध्ये एकच प्रत वाटून घेण्याची गंमत संपली असती. अँड्रॉइडने ही काटकसर आणखी पुढे नेली आहे. फोन सुरू होताना ‘झायगोट’ नावाची एक प्रोसेस नेहमीच्या लायब्ररी एकदाच लोड करून ठेवते आणि तुम्ही उघडलेलं प्रत्येक ॲप तिच्यातूनच जन्म घेतं. ॲप चटकन उघडतं त्यामागे हेही एक कारण आहे.

वही भरायची कधी, याच्या दोन पद्धती आहेत. एक आळशी पद्धत: एखादं फंक्शन पहिल्यांदा लागेल तेव्हाच त्याचा पत्ता शोधायचा. प्रोग्राम लवकर सुरू होतो, पण वही शेवटपर्यंत उघडी राहते आणि कुणी तिच्यात खाडाखोड करण्याची भीती राहते. दुसऱ्या पद्धतीत सगळे पत्ते सुरुवातीलाच भरायचे आणि मग वहीला सील ठोकायचं, म्हणजे मेमरीचा तो भाग फक्त वाचण्यापुरता करायचा. एसएसएचडीसारख्या नाजूक जागच्या प्रोग्रामसाठी ही दुसरी, कडक पद्धत वापरतात.

सील लागण्याआधीचा क्षण

एक्सझेडमधला कोड लिहिणाऱ्याला हे सगळं नीट ठाऊक होतं. वही सीलबंद होण्याआधी आपला कोड चालला पाहिजे, ही त्याची गरज होती. पण लिंकर पत्ते भरत असताना लायब्ररीचा कोड चालणार कसा?

त्यासाठी एक अधिकृत वाट आहे, ‘आयफंक’ नावाची. काही फंक्शनांच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, एक जुन्या प्रोसेसरसाठी, एक नव्यासाठी. यातली कुठली वापरायची ते ठरवायला लिंकर लायब्ररीतलंच एक छोटं फंक्शन चालवतो आणि ते सांगेल तो पत्ता वहीत लिहितो. सोय उपयोगाची आहे, लिबसी स्वतः ती सर्रास वापरते. पण ती चालते तेव्हा वही उघडी असते.

चोरदरवाजा याच फंक्शनात शिरला. तिथून त्याने लिंकरच्या कामावर पाळत ठेवणारा एक हूक बसवला. असे हूक एरवी प्रोग्राम तपासण्यासाठी वापरले जातात. मग तो एका विशिष्ट नावाची वाट बघत राहिला: लॉगिनच्या वेळी आरएसए किल्लीची सही तपासण्यात वापरलं जाणारं ‘आरएसए पब्लिक डिक्रिप्ट’. लिंकर त्याचा पत्ता एसएसएचडीच्या वहीत लिहायला गेला, की तिथे चोरदरवाजाच्या कोडचा पत्ता टाकला जात होता. त्यानंतर वही नेहमीप्रमाणे सील झाली. खोटा पत्ता आत ठेवून.

आता कुणी लॉगिनला आला की तपासणी आधी चोरदरवाजाकडे जाणार. ठरलेल्या किल्लीची सही दिसली तर आत आलेली कमांड चालवायची, नाहीतर काम मुकाट्याने खऱ्या फंक्शनकडे सोपवायचं. बाकी सगळ्यांचं लॉगिन व्यवस्थित होत राहणार. लिंकर काय करतोय हे छापून दाखवणारी ‘एलडी डीबग’ नावाची सेटिंग चालू असेल, तर हा कोड जागाच व्हायचा नाही. एवढी सावधगिरी बाळगूनही सुरुवातीच्या खटाटोपात वेळ जात होता. एसएसएचडी प्रत्येक नव्या कनेक्शनला ते सगळं पुन्हा करत होता आणि फ्रॉइंड यांना तोच अर्धा सेकंद खटकला.

हा कोड आत आला कसा?

एक्सझेड बरीच वर्षं लासे कॉलिन हे एकटेच, बिनपगारी सांभाळत होते. ‘जिया टॅन’ हे नाव लावणारी एक व्यक्ती २०२१ पासून मदतीला आली. तिने खरोखर उपयोगी काम केलं, विश्वास मिळवला आणि नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचे अधिकारही. चोरदरवाजाचा कोड चाचणीसाठी ठेवलेल्या ‘खराब’ फाइल्समध्ये लपवलेला होता. खराब फाइलमध्ये काय आहे हे कोण उघडून बघणार! तो बाहेर काढणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती, फक्त प्रसिद्ध केलेल्या पॅकेजमध्ये होती. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये अशा बाहेर पडल्या. डेबियन आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये त्या पोहोचल्या होत्या, पण बहुतेक सर्व्हर ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात तिथे पोहोचण्याआधी भांडं फुटलं.

आता काय बदललं?

जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ ने सिस्टमडीला निरोप देण्याचं काम स्वतःच्याच कोडमध्ये लिहिलं. लिबसिस्टमडीची गरज उरली नाही. काम एवढं छोटं होतं, की आधीच असं का केलं नाही हा प्रश्न पडतोच.

सिस्टमडीने फाइल दाबणाऱ्या लायब्ररी सुरुवातीच्या यादीतून काढल्या. आता त्या गरज पडेल तेव्हाच, चालू प्रोग्राममधून मागवल्या जातात. हा बदल चोरदरवाजा उघड होण्याआधीच कोडमध्ये आला होता. तो सगळीकडे पोहोचला असता तर एक्सझेडची एसएसएचडीपर्यंतची वाट आपोआप बंद झाली असती.

मात्र यातून एक नवी अडचण आली. उशिरा मागवलेली लायब्ररी प्रोग्रामच्या यादीत दिसत नाही. कुठला प्रोग्राम कशावर अवलंबून आहे हे तपासणाऱ्यांना ती कळणार कशी? म्हणून सिस्टमडीच्या मंडळींनी अशा लायब्ररींची नावं फाइलमध्येच एका वेगळ्या टिपणात नोंदवायची पद्धत सुरू केली. लिंकर ते टिपण वाचत नाही. ते आहे तपासणाऱ्या माणसांसाठी आणि पॅकेज बनवणाऱ्या साधनांसाठी.