सूपभर मूग-मसूर

डोक्याला मार लागलेल्या माणसाला तपासताना मी सगळ्यात जास्त वापरलेलं साधन म्हणजे सूप. पाव किलो मूग, पाव किलो मसूर, दोन मुठी तांदूळ सुपात कालवायचे आणि समोरच्याला सांगायचं, ‘वेगवेगळं करून द्या.’ शेजारी घड्याळ आणि वही. किती मिनिटं लागली, किती मसूर मुगात गेले, हात मध्येच कुठं थांबला, खाली भंगारवाला ओरडला तेव्हा मान किती वेळा वळली, हे लिहीत जायचं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या तीन गावांत मी तीस वर्षं हेच केलं.

मेंदूच्या मानसशास्त्राचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक आहे. फिनिअस गेजच्या कवटीतून १८४८ मध्ये आरपार गेलेली सळई, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर गोल्डस्टाइन यांनी केलेलं काम, ते पुन्हा सांगत बसत नाही. लुरियांपाशी मात्र थांबलंच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरिया उरलकडच्या रुग्णालयात जखमींवर काम करत होते. १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागलेला झासेत्स्की नावाचा तरुण सैनिक त्यांच्याकडं आला. आपण लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे, एकेका शब्दासाठी झगडावं लागे. तरी पंचवीस वर्षांवर तो लिहीत राहिला, सुमारे तीन हजार पानं. आणि लुरियाही तेवढी वर्षं त्याच्याबरोबर राहिले. एका माणसाचं सावरणं इतका काळ पाहणं, याला मी संशोधन म्हणतो. आमच्यातल्या काही विद्वानांना ही ‘गोष्ट सांगणं’ वाटते. त्यांना सहा आठवड्यांत आकडे हवे असतात. सहा आठवड्यांत मेंदूची सूज उतरलेली कळते, माणूस सावरला की नाही ते कळत नाही.

ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये बेशुद्धीची मोजपट्टी दिली. डोळे, बोलणं, हालचाल यांचे मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५ गुण. तिनं किती जीव वाचवले याला गणती नाही. माझं भांडण ‘१५ पैकी १५ म्हणजे बरा’ असं समजणाऱ्यांशी आहे. घरी सोडतानाच्या कागदावर १५ लिहिलेलं असतं, सीटी स्कॅन स्वच्छ असतो, आणि माणूस घरी येऊन गॅसवर दूध ठेवून विसरतो. डोकं आपटतं तेव्हा मेंदूचा पुढचा, खालचा भाग कवटीच्या खरबरीत हाडावर घासतो, आतले तंतू ताणले जातात. ते ताणलेले तंतू साध्या स्कॅनमध्ये बहुतेकदा दिसत नाहीत. बायकोला दिसतात.

आमच्या लोकलच्या लाइनवर हे पाहायला लांब जावं लागत नाही. देशात डोक्याचे मार सर्वांत जास्त रस्त्यावर लागतात, हे बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेतल्या गुरुराज यांनी दाखवलं आहे. काटई रस्त्यावरच्या मोटारसायकली मीही पाहिल्या. पण माझ्याकडं येणाऱ्यांत लोकलमधून पडलेले फार. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातली माणसं पडली तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. गेलेल्यांची बातमी होते. उल्हासनगर, कळवा, सायन असा रुग्णालयांचा प्रवास करून जिवंत परत येतो त्याची होत नाही.

कात्रपचा एक तरुण आठवतो. मस्जिद बंदरला हिशेबाचं काम करायचा. दिवा स्टेशनच्या पुढं लोकलमधून पडला, नऊ दिवस बेशुद्ध होता. चौथ्या महिन्यात बायको घेऊन आली. म्हणाली, ‘हे घरी आले, पण स्वभाव कुणाचा घेऊन आले कळत नाही.’ तारीख, वार, पंतप्रधान, त्यानं सगळं बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत गेला, एकदाही चुकला नाही. मग मी त्याला कल्याण स्टेशनवर नेलं. उद्घोषणा, इंडिकेटर, धक्के, चहावाल्यांचा आवाज. ‘बदलापूर गाडी कुठल्या फलाटावर?’ विचारलं. तो जिन्यावर उभा राहिला आणि रडायला लागला. ज्या स्टेशनवर त्यानं दहा वर्षं गाडी पकडली होती, तिथं.

दुसऱ्या दिवसापासून सूप.

ही युक्ती माझी नाही, निमहान्सची. १९७४ मध्ये निमहान्सचं आजचं रूप उभं राहिलं आणि त्याच दशकात मुकुंदन यांच्या पुढाकारानं तिथं मेंदूच्या मानसशास्त्राची घडी बसली. मुकुंदन यांचं नाव पुढं वर्तमानपत्रांत आलं ते मेंदूलहरींवरून गुन्हेगार ओळखण्याच्या तंत्रामुळं. २००८ मध्ये पुण्याच्या खटल्यात ते गाजलं आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. त्या गोंगाटात त्याच संस्थेतलं खरं मोठं काम झाकलं गेलं. शोभिनी राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोक्याला मार लागलेल्यांचं अवधान पुन्हा घडवायला घेतलं. कागदावरची अक्षरं खोडणं, आकृती रंगवणं, आणि धान्य निवडणं! परदेशी यंत्र नाही, विजेची गरज नाही, घरी आई-बायको रोज करून घेऊ शकते. सोप्याकडून अवघडाकडं जायचं: आधी राजमा आणि तांदूळ, मग मूग आणि मसूर, मग मुगात मटकी. वेळ कमी व्हायला हवा आणि चुकाही. नुसता वेळ कमी झाला तर ती घाई, सुधारणा नव्हे.

राव, सुब्बकृष्ण आणि गोपुकुमार यांची २००४ ची चाचणीमाला मला आणखी एका कारणानं प्रिय आहे. तिच्यात शाळेची पायरीही न चढलेल्यांचे निकष वेगळे काढले आहेत. त्याआधी आम्ही अमेरिकेतल्या कॉलेजकुमारांच्या आकड्यांशी वडवलीच्या विटभट्टीवरच्या बाईची तुलना करत होतो आणि तिला मंद ठरवत होतो.

उल्हासनगरनं तर मला भाषेचा धडाच दिला. कॅम्प दोनमधले एक वृद्ध कापडव्यापारी जिन्यावरून पडले होते. माझ्याकडच्या शिकाऊ मुलीनं त्यांना चिन्हं खोडायचा कागद दिला. त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. मुलीनं वहीत लिहिलं, ‘डाव्या बाजूकडं दुर्लक्ष’. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की असं होतं, पुस्तकात तसंच आहे. मी विचारलं, ‘काका, शाळा कुठं?’ शिकारपूर, म्हणाले. सिंधी ते अरबी लिपीत शिकले होते, त्यांची नजर जन्मभर उजवीकडूनच चाललेली. डावीकडचं एकही चिन्ह सुटलं नव्हतं. त्यांना मी तारीख विचारली नाही, चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, किती दिवस उरले ते विचारलं. अचूक सांगितलं.

आता तपासणीच्या खोलीत टॅबलेट असतो. रंगीत ठिपके येतात, रुग्ण बोट लावतो, दहा मिनिटांत छापील अहवाल. तपासणारी नवी मुलं हुशार आहेत, माझ्यापेक्षा जास्त वाचतात. पण रुग्णाच्या घरी जात नाहीत. ठिपक्यांच्या खेळात गुण वाढतात आणि माणूस वाण्याकडून सुट्टे पैसे मोजून घेऊ शकत नाही, हे त्यांना सांगणार कोण? एका मोठ्या ठिकाणी मी सूप घेऊन व्याख्यानाला गेलो तेव्हा पहिल्या रांगेत हशा झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही असं छातीठोकपणे सांगणारेही त्याच रांगेत होते. त्यांच्या शब्दावर किती घरांनी प्रयत्न सोडले असतील! कायद्याचीही तीच तऱ्हा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, डोक्याच्या मारातून येणारं हे अपंगत्व त्यांत स्वतंत्रपणे नाही. तुटलेला हात अधिकाऱ्याला दाखवता येतो. विसरलेला फलाट कसा दाखवायचा?

कात्रपच्या त्या मुलाची वही माझ्याकडं आहे. पहिल्या दिवशी एक्केचाळीस मिनिटं, तेवीस चुका. पाचव्या आठवड्यात कुकरची शिट्टी होऊनही हात थांबला नाही अशी नोंद. अकराव्या आठवड्यात त्यानं मुगाच्या ढिगातला एक मसूर स्वतःच परत उचलला. कुणी सांगितलं नव्हतं. आपली चूक आपल्याला दिसणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामगिरी, आणि ती अनेकदा उशिरा परत येते. त्या दिवशी मी बदलापूरहून अंबरनाथला बस सोडून रिक्षानं आलो, इतका आनंद झाला होता. मस्जिद बंदरची नोकरी त्याला पुन्हा जमली नाही. अपघातानंतर दोन वर्षांनी तो कुळगावात मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसू लागला. सकाळी गर्दी नसताना, आणि मग संध्याकाळीही.

सूप झिजलंय, कडेची वेताची बांधणी दोनदा बदलली. वह्या साठच्या वर आहेत, वर्षवार लावून ठेवल्या आहेत. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याला माझं घर कुणीही दाखवेल. शिकायचं असेल त्यानं सकाळी यावं, धान्य माझ्याकडं आहे.