बहिणीचा वाटा: घरातले समज आणि कायदा

वडिलांचं दिवसकार्य उरकलं की वारसनोंदीचा विषय निघतो आणि बहिणींना विचारलं जातं, "सही द्यायला कधी येतेस?" वाटा हवा का, हे विचारणारं घर विरळाच.

"तुझ्या लग्नात दिलं की!" हा सगळ्यांत चिवट समज. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या हिश्शातून कोण वजा करतं? आणि हुंडा दिला असेल, तर 1961च्या कायद्याने तो गुन्हाच आहे.

"मुलींना हक्क 2005 साली मिळाला" हेही अर्धवट. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, हिंदू वारसा कायद्याने मुलगी 1956पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची ही अट उरली नाही. तरीही "वडील त्याआधीच वारले, आता काही नाही" असं ऐकवतात. विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला: हक्क जन्माने येतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायची गरज नाही. मात्र 20 डिसेंबर 2004पूर्वी रीतसर झालेली वाटणी पुन्हा उकरता येत नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. ती महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे.

उरतो तो "तिने राजीखुशीने सोडलं" हा समज, आणि मला तोच जास्त सलतो. आत्याच्या हक्कसोडपत्राला मी सोबत गेले होते. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिचा फोटो निघाला, यंत्रावर अंगठा झाला. दस्तात कोणते गट नंबर आहेत, हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. बाहेर आल्यावर साडी मिळाली. येताना एसटीत ती म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर भाऊबीजेला कुणाच्या दारात उभी राहिले असते?" दस्त कायद्याने पक्का झाला, पण त्याला मी राजीखुशी म्हणणार नाही. नकार दिला तर माहेर तुटणार असेल, तर होकाराला किती अर्थ उरतो? असा व्यवहार न्याय्य आहे का, हे मी आता याच प्रश्नावर जोखते.

भावाची बाजूही खरी असते. त्याने विहीर खणली, सोसायटीचं कर्ज फेडलं, आईचं आजारपण काढलं. त्याचं मोल जरूर व्हावं; पण ते कागदावर, आकड्यांत, बहिणीसमोर मांडून. तिने आईसाठी दवाखान्यात काढलेल्या रात्रीही त्याच हिशेबात याव्यात. मग तिने काही सोडलं, तर काय सोडतेय हे तिला ठाऊक असेल. म्हणून तारीख ठरण्याआधीच मसुदा आणि सगळ्या गटांचे सातबारे मागून घ्यावेत, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावेत. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तिथे फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचं ओझं बहिणीवरच येतं.