डॉक्टर रेल्वेने येतात, पण प्लॅस्टर कोण काढणार? हाडांच्या मोफत शिबिराचं गणित समजून घ्या

तालुक्याच्या गावात मोफत ऑपरेशन शिबिराचा बोर्ड लागला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खरंच फुकट आहे का?" विचारायलाच हवं. पण हाडांच्या ऑपरेशनच्या बाबतीत दुसरा एक प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. शहरातून आलेले डॉक्टर चार दिवसांनी परत गेले, की त्यापुढचे सहा महिने पेशंटकडे कोण बघणार?

हे नीट समजण्यासाठी आपल्या देशातलंच एक मोठं उदाहरण बघूया. ते म्हणजे लाइफलाइन एक्सप्रेस, म्हणजेच जीवनरेखा एक्सप्रेस.

रुळांवरचा दवाखाना

मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने भारतीय रेल्वेच्या मदतीने १६ जुलै १९९१ रोजी ही गाडी सुरू केली. रेल्वेगाडीत चालणारा हा जगातला पहिला दवाखाना मानला जातो. सुरुवातीला डबे तीनच होते. पुढे नवी गाडी मिळाली, डबे वाढले. ही कल्पना बाहेरच्या देशांनीही उचलली. चीनमध्ये १९९७ पासून डोळ्यांच्या ऑपरेशनची अशीच गाडी धावू लागली, तर बांगलादेशात १९९९ मध्ये नदीतून फिरणारा बोटीवरचा दवाखाना सुरू झाला.

जिथे मोठं हॉस्पिटल नाही पण रेल्वे स्टेशन आहे, अशा ठिकाणी ही गाडी काही आठवडे मुक्काम करते. साइडिंगला उभ्या केलेल्या डब्यात ऑपरेशन थिएटर असतं. ऑपरेशन गाडी उभी असतानाच होतात, चालत्या गाडीत नाही. मोतीबिंदू, कान, फाटलेला ओठ आणि हाडं असे विषयवार दिवस वाटून दिलेले असतात. त्या त्या विषयाचे सर्जन मोठ्या शहरांतून स्वतःच्या सुट्टीत येतात, काही दिवस काम करतात आणि जातात. त्याचे पैसे ते घेत नाहीत.

गाडीत सगळ्या पेशंटना ठेवायला जागा नसते. त्यामुळे ऑपरेशननंतर त्यांना जवळची शाळा, धर्मशाळा किंवा सरकारी दवाखान्यात हलवतात. म्हणजे गाडी बाहेरून येत असली, तरी जिल्हा प्रशासन, सिव्हिल सर्जन आणि गावातले कार्यकर्ते यांच्याशिवाय ती एक दिवसही चालू शकत नाही.

पोलिओच्या पायाचं ऑपरेशन म्हणजे काय?

हाडांच्या विभागात सुरुवातीची अनेक वर्षं मोठी गर्दी पोलिओच्या पेशंटची होती. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. पण त्याआधी ज्यांना पोलिओ झाला, ते आज मोठी माणसं आहेत आणि त्यांचा त्रास संपलेला नाही.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ऑपरेशन केलं म्हणजे पायात ताकद येणार, असं घरच्यांना वाटतं. तसं होत नाही. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशी मरतात, त्या कोणतंही ऑपरेशन परत आणू शकत नाही. मग ऑपरेशन कशासाठी? काही स्नायू निकामी आणि काही चांगले असले, की सांधा एकाच बाजूला ओढला जातो. हळूहळू गुडघा वाकलेलाच राहतो, टाच वर उचलली जाते. असा वाकडा पाय कॅलिपरमध्ये बसत नाही. सर्जन आखडलेल्या शिरा मोकळ्या करतात, लांबवतात किंवा हाड कापून सरळ करतात. पाय सरळ झाला की कॅलिपर बसतं. मग रांगणारा माणूस उभा राहू शकतो. गुडघ्यावर हात दाबून चालणाऱ्याचा हात मोकळा होऊ शकतो.

"आमच्या पोराला का नाकारलं?"

तपासणीत बरेच जण बाद होतात आणि घरचे नाराज होतात. त्याची कारणं असतात. अंगात रक्त कमी, ताप-खोकला, कातडीवर जखम यापैकी काही असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात. भूल द्यायची तर तब्येत ठीक लागते.

दुसरं कारण ऐकून आश्चर्य वाटेल. कधी कधी वाकडेपणाच उपयोगाचा असतो. मांडीचा स्नायू निकामी असेल आणि टाच थोडी वर उचललेली असेल, तर पाऊल टेकताना गुडघा मागे ढकलला जाऊन आपोआप घट्ट होतो आणि माणूस चालू शकतो. ती टाच पूर्ण खाली आणली, तर तोच माणूस गुडघ्यात कोसळायला लागतो. म्हणून "ऑपरेशन नको" असं सांगणारा डॉक्टर टाळाटाळ करतोय असं समजू नका. आकडा वाढवायचा सोडून तो नाही म्हणतोय, ही चांगली खूण आहे.

ऑपरेशन तासाचं, काम महिन्यांचं

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की थोड्याच दिवसांत माणूस कामाला लागतो. हाडांचं तसं नाही. प्लॅस्टर अनेकदा सहा आठवडे किंवा त्याहून जास्त राहतं. टाके काढायचे, प्लॅस्टर बदलायचं, मग व्यायाम, मग कॅलिपरचं माप. कॅलिपर झिजतं, पट्टे तुटतात, वाढत्या मुलाला दर थोड्या काळाने नवं लागतं. यातली एक पायरी जरी सुटली तरी पाय पुन्हा वाकतो आणि सोसलेला सगळा त्रास वाया जातो.

प्लॅस्टर असताना बोटं निळी किंवा पांढरी पडली, गार लागली, खूप सुजली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. लगेच दवाखाना गाठायचा. आत रक्तपुरवठा दबला असेल तर काही तासांत पाय कायमचा जाऊ शकतो. प्लॅस्टरमधून घाण वास येणं किंवा स्राव दिसणं हेही धोक्याचंच.

जन्मतः वाकडं पाऊल: इथे शिबिराची वाट बघू नका

काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं, ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. "मोठं झालं की ऑपरेशन करू" म्हणत घरचे थांबतात, तिथेच चूक होते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी शोधलेल्या पद्धतीत मोठं ऑपरेशन बहुतेक वेळा लागतच नाही. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडं थोडं वळवून नवं प्लॅस्टर घालतात. साधारण पाच ते सात प्लॅस्टर लागतात. बऱ्याच बाळांची टाचेची शीर छोटा छेद देऊन मोकळी करतात आणि शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. त्यानंतर खास बूट येतात. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री. पाय सरळ दिसला म्हणून बूट सोडले, की पाऊल परत वळतं.

दर आठवड्याचं हे काम चार दिवसांच्या शिबिरात होणारं नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच कायमची सोय लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणारं पथक त्याचंच. आशाताईला सांगा, ती पुढची वाट दाखवेल.

मग शिबिरं नकोत का?

हवीत. वीस-वीस वर्षं घरात बसलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत आणण्याचं काम शिबिरच करतं. गाडीने आलेल्या सर्जनचं काम बघून स्थानिक डॉक्टरही शिकतात. पण शिबिराने सुरू केलेलं काम पूर्ण करायचं ते सिव्हिल हॉस्पिटल, फिजिओथेरपिस्ट आणि घरच्या माणसांनी. हाडांच्या अनेक ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही बसतात, त्याचीही चौकशी करून ठेवावी.

नाव नोंदवण्याआधी हे विचारा

- ऑपरेशननंतर काय जमेल आणि काय जमणार नाही?
- टाके आणि प्लॅस्टर कोण काढणार, कुठे, कोणत्या तारखेला?
- रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?
- कॅलिपर कोण देणार आणि तुटलं तर दुरुस्ती कुठे?
- ऑपरेशनचा कागद आणि एक्स-रे आमच्या हातात मिळणार का?

शेवटचा कागद तर सोडूच नका. प्लॅस्टरच्या आत काय केलंय, हे नव्या डॉक्टरला त्या कागदावरूनच कळतं. या पाचही प्रश्नांची उत्तरं नावानिशी आणि तारखेनिशी मिळाली, तर शिबिर भरवशाचं समजा. "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर आधी सिव्हिलच्या हाडांच्या डॉक्टरांना भेटा आणि मगच ठरवा.