विहिरीचा हिशेब

मंडळी, घरात धान्य किती आहे हे घरच्या बाईला पक्के ठाऊक असते. कणगीत डोकावून ती सांगते, "एवढे होळीपर्यंत पुरेल." पण विहिरीतले पाणी कधीपर्यंत पुरेल, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतात?

पूर्वी मृगाला पेरावे, हस्ताचा पाऊस घ्यावा आणि रब्बीला लागावे, असा क्रम असे. दुष्काळ तेव्हाही पडत. १९७२ चा दुष्काळ आम्ही लहानपणी पाहिला आहे. पण आता पावसाची चालच बदलली आहे. महिना महिना थेंब नाही, आणि मग एका रात्रीत धो धो पाऊस. असे का होते? कोळसा आणि तेल जाळल्याने निघणाऱ्या वायूंमुळे हवा तापत चालली आहे. तापलेली हवा जास्त वाफ धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. असा पाऊस जमिनीत थोडाच मुरतो. बाकीचा माती घेऊन ओढ्याला जातो.

आमचीच फजिती ऐका. एका वर्षी नवरात्रात असा पाऊस झाला. विहीर काठोकाठ भरली. आम्ही भावाभावांनी तीन एकर गहू केला. पण जमिनीच्या पोटात पाणी मुरलेच नव्हते. झरे लवकर आटले. गहू दाण्यात आला आणि मोटर हवा ओढू लागली. दाणा पोचट राहिला. बियाणे-खत कर्जाने आणलेले. ते फेडायला दावणीची गाय विकली. विहिरीचा काठ पाहिला, झरे पाहिले नाहीत, त्याचे हे फळ.

तेव्हापासून आम्ही हिशेब करतो. तो सोपा आहे. एक पाणी द्यायचे म्हणजे साधारण दोन इंच पाणी. एका एकराला ते सुमारे दोन लाख लिटर होते. गव्हाला पाच पाळ्या धरल्या तर दहा लाख लिटर लागतात. हरभरा दोन पाळ्यांत येतो, म्हणजे चार लाखांत. एक एकर गव्हाच्या पाण्यात अडीच एकर हरभरा निघतो!

आता मोजायचे कसे? दोरीला दगड बांधा. हाताहातावर गाठ मारा. रब्बीच्या पेरणीआधी, सकाळी मोटर लावण्यापूर्वी, पाणी किती हात आहे ते पाहून वहीत लिहा. दिवसभर उपसा करा. दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. पाणी पहिल्या खुणेला आले तर झरे चांगले आहेत. खाली राहिले तर गहू कमी करा, हरभरा-ज्वारी वाढवा.

पण एकट्याने मोजून भागत नाही. शेताला बांध असतो, जमिनीखालच्या पाण्याला नसतो. शेजाऱ्याने उपसले की आपलेही जाते. म्हणून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सगळ्या गावाचा एकच हिशेब मांडला. तेथे पाऊस आणि विहिरींचे पाणी मोजतात. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी राखतात. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवतात. शेतीसाठी बोअर घेण्यास आणि ऊस-केळी लावण्यास त्यांनी बंदी केली.

मंडळी, आपण आकडे शिकलो ते नुसते सही-अंगठ्यापुरते नव्हेत. पहिला आकडा आपल्या विहिरीचा लिहू या, आणि ती वही ग्रामसभेत घेऊन जाऊ या.