साथीचे संकट आणि साहाय्याचे माप

संकटकाळी सरकारने शेतकऱ्यास साहाय्य करावे, याविषयी सहसा दुमत नसते. परंतु ते कोणास आणि कोणत्या मापाने द्यावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २०२० साली अमेरिकेत जे घडले, त्यावरून आपणांस हे नीट समजेल.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग. राज्याच्या वायव्येस असलेल्या सू काउंटीत माणसे सुमारे ३५ हजार, आणि डुकरे मात्र दहा लाखांहून अधिक! मका व सोयाबीन पिकवावे, जनावरे पोसावी आणि ती मांसाच्या कारखान्यांस विकावी, हा तेथील शेतीचा क्रम होय.

एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीने या क्रमात खंड पाडला. शेजारच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स येथील मोठा मांस-कारखाना, शेकडो कामगार आजारी पडल्यामुळे, काही काळ बंद ठेवावा लागला. उपाहारगृहे व शाळा बंद झाल्याने मागणीही घटली. लोखंड कोठारात ठेवता येते; जनावर मात्र रोज खाते आणि रोज वाढते. डुकरीण गाभण राहिल्यापासून पिलू विक्रीयोग्य होईपर्यंत सुमारे दहा महिने लागतात. म्हणजे एप्रिलात विकावयाच्या जनावरांची तजवीज आदल्या वर्षीच झालेली होती. ती आयत्या वेळी थांबवणार कशी? भाव कोसळले, आणि कित्येक शेतकऱ्यांवर धडधाकट जनावरे मारून टाकण्याची पाळी आली.

संघ-सरकारने १७ एप्रिल रोजी १,९०० कोटी डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांपैकी १,६०० कोटी शेतकऱ्यांना रोख द्यावयाचे होते. उरलेल्या रकमेतून अन्न खरेदी करून गरजूंस वाटावयाचे होते. २६ मेपासून कृषिखात्याच्या काउंटी-कचेऱ्यांत अर्ज घेतले जाऊ लागले. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या प्रत्येक मोठ्या डुकरामागे १८ डॉलर, आणि त्यानंतर १४ मेपर्यंत पदरी असलेल्या प्रत्येक डुकरामागे १७ डॉलर, असा दर ठरला. समजा, एखाद्याने ५०० मोठी डुकरे विकली आणि १,००० त्याच्या पदरी राहिली. तर त्यास ९,००० व १७,००० मिळून २६,००० डॉलर मिळावयाचे. यांतील ८० टक्के, म्हणजे २०,८०० डॉलर, प्रथम आणि बाकी मागाहून. एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरांची मर्यादा होती.

हिशेब सरळ होता. परंतु अडचण त्या मापातच होती. रक्कम जनावरांच्या मालकास मिळावयाची. कित्येक शेतकरी मात्र करारावर कंपनीची डुकरे पोसतात. गोठा त्यांचा, श्रम त्यांचे, आणि जनावर कंपनीचे. गोठा रिकामा राहिला की त्यांचे उत्पन्न बुडते. तरी पहिल्या योजनेत त्यांस स्थान नव्हते. त्यांच्यासाठी तरतूद झाली ती डिसेंबर २०२० च्या कायद्याने, आणि तिचे सुधारित नियम ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. कर्जाचे हप्ते तोवर थोडेच थांबतात!

त्वरा करावयाची तर माप सोपे हवे. आणि माप सोपे केले की कोणी तरी त्याबाहेर राहतो. म्हणून साहाय्याची रक्कम किती मोठी, एवढेच पाहून आपण समाधान मानू नये. ते कशावर मोजले आणि त्या मोजणीतून कोण सुटला, हे विचारणे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.