वाणसामानातील दुर्मिळ जिन्नस व त्यांची नावे

वाण्याच्या दुकानी एखादा जिन्नस मिळाला नाही, म्हणजे तो तेथे नाही, असे आपण धरून चालतो. हे अनुमान पुष्कळदा फसवे असते. जुन्या पनवेलमधील एका दुकानात प्रस्तुत लेखकासमोर घडलेला प्रसंग वानगीदाखल सांगतो. सोलापूरकडच्या एका वृद्ध बाईंनी हुलगे मागितले. गल्ल्यावरील तरुणाने "नाहीत, आजी" म्हणून सांगितले. आणि बाई ज्या पोत्याला हात टेकून उभ्या होत्या, ते पोते कुळथाचे होते. देशावर ज्याला हुलगा म्हणतात, त्यालाच कोकणात कुळीथ म्हणतात. बाईंना थोडे कमी दिसत होते व तरुणाला दुसरे नाव ठाऊक नव्हते. माल होता, गिऱ्हाईक होते, पैसे होते. व्यवहार तेवढा झाला नाही.

असे प्रसंग पनवेलला विशेष घडावेत, याला कारण आहे. हे गाव पूर्वीपासून देश व कोकण यांच्या सांध्यावर वसलेले. रेल्वे येण्यापूर्वी बोरघाट उतरून आलेला माल येथील बंदरातून मुंबईस जात असे. त्या काळी दोन्हीकडची नावे येथील व्यापाऱ्यांच्या कानावर पडतच असत. पुढे सिडकोने (स्थापना १९७०) नवी वसाहत उभारली. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, आणि खारघर, कामोठे, कळंबोली ही उपनगरे तिच्या हद्दीत आली. आज एकाच दुकानाच्या फळीसमोर आगरी, मराठवाडी, खानदेशी, बिहारी, बंगाली व मल्याळी गिऱ्हाईक उभे असते. बोलींचा अभ्यास करणाराला याहून सोयीची जागा सापडणार नाही. गिऱ्हाइकाची मात्र ती अडचण आहे.

या अडचणीचे दोन प्रकार स्पष्ट वेगळे केले पाहिजेत. पहिला, एकाच वस्तूला अनेक नावे असण्याचा. कुळीथ-हुलगा हे उदाहरण वर आलेच. मुंबई-कोकणातील कुरमुरे देशावर चुरमुरे होतात व विदर्भात मुरमुरे. नाचणीला नाशिककडे नागली म्हणतात. उपासाचे वऱ्याचे तांदूळ मराठवाड्यातील माणूस भगर म्हणून मागतो, गुजराती माणूस मोरैयो म्हणून, हिंदी भाषिक समा के चावल म्हणून. कुरमुऱ्यांच्या बाबतीत ध्वनिसाम्यामुळे निभावून जाते. भगरीच्या बाबतीत ते शक्य नाही.

याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठीत 'मागणी' हा शब्द मागण्याची क्रिया व अर्थशास्त्रातील मागणी, अशा दोन्ही अर्थी वापरला जातो. छोट्या दुकानदाराच्या लेखी हे दोन अर्थ वेगळे नसतातच. आठवड्यात एखादे नाव किती वेळा कानी आले, यावर तो माल भरतो. आता पाच गिऱ्हाइकांनी एकच जिन्नस पाच नावांनी मागितला, तर त्याच्या हिशेबी पाच निरनिराळ्या वस्तूंना प्रत्येकी एकच गिऱ्हाईक आले. आणि एका गिऱ्हाइकासाठी कोणी पोते आणत नाही. म्हणजे नामभेदामुळे असलेला माल सापडत नाही एवढेच नव्हे, तर येऊ शकणारा माल येतही नाही. दुर्मिळता येथे अंशतः भाषेने निर्माण केलेली असते.

दुसरा प्रकार याच्या उलट, आणि अधिक धोक्याचा : एकाच नावाखाली अनेक वस्तू. 'काळे जिरे' हे नाव घ्या. हिंदीत काला जीरा म्हणजे बहुधा आपले शहाजिरे. पुलाव-मसाल्यात पडते ते. बंगालीत कालो जीरे म्हणजे कलौंजी. हिचा जिऱ्याशी काही संबंध नाही, आणि बिहारमधील माणूस हिला मंगरैला म्हणतो. तिसरी कालीजीरी, हे आपले कडू जिरे, जे जंतांवरील औषध म्हणून घरोघरी ठेवीत. ते फोडणीत पडले तर कालवण टाकून द्यावे लागेल, आणि औषधाच्या ठिकाणी दुसरे पडले तर गुण येणार नाही. भरीस भर म्हणून कलौंजीला कित्येक ठिकाणी कांद्याचे बी म्हणतात. ते कांद्याचे बी नव्हे, नुसते दिसायला तसे आहे. पण या नावावर विसंबून कोणी बियाण्यांच्या दुकानातून खरेच कांद्याचे बी आणले, तर तेथील बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. केवळ नावाच्या चुकीने विष घरात येऊ शकते, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तिरफळाची गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक मनोरंजक आहे. दक्षिण कोकण व गोवे येथे बांगड्याच्या कालवणात हे फळ घालतात. आतील काळे बी काढून टाकावयाचे व सालीचा उपयोग करावयाचा. चीनमधील सेचवान मिरे याच प्रजातीतील. घाटावरील दुकानदाराला तिरफळ माहीत नसते. पण त्रिशूळाचा तिरशूळ होतो, तद्वत् त्रिफळ्याचे हे ग्राम्य रूप असावे, असे समजून तो उच्चार मनातल्या मनात सुधारून घेतो आणि त्रिफळा चूर्णाची पुडी काढून देतो. हिरडा, बेहडा व आवळा यांचे ते चूर्ण बांगड्यात घातल्यावर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. येथे दुकानदार अडाणी नाही. ध्वनिपरिवर्तनाचा नियम त्याने अचूक ओळखला. लागू मात्र चुकीच्या ठिकाणी केला.

मग गिऱ्हाइकाने करावे काय? प्रश्न नवा नाही. आपल्या शास्त्रकारांनी अनेकार्थतेसाठी घेतलेले प्रसिद्ध उदाहरण वाणसामानाचेच आहे. सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडा व सिंधुदेशचे मीठ. 'सैंधव आण' असे धन्याने जेवताना सांगितले तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघताना सांगितले तर घोडा. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अर्थनिश्चयाची जी साधने मोजली आहेत, त्यांत साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, देश, काल यांचा समावेश होतो. नाव सांगून काम झाले नाही की आपण तेच नाव मोठ्याने सांगतो. त्याऐवजी यांतील एखादे साधन योजावे. 'तिरफळ' न म्हणता 'मालवणकडे माशाच्या कालवणात घालतात ते फळ' म्हटले, की साहचर्य, प्रयोजन व देश ही तिन्ही एका वाक्यात आली. 'काळे जिरे, पण कडू नव्हे, मसाल्याचे' म्हणणारी गृहिणी विरोधाचा उपयोग करते. तिला भर्तृहरी ठाऊक असण्याची गरज नाही. याहून खात्रीचा उपाय म्हणजे वानगी. घरातील चिमूटभर माल पुडीत बांधून नेला, की नावाचा प्रश्नच उरत नाही. आमच्या मागील पिढीतील बायका मुलांना दुकानी धाडताना हेच करीत.

या सर्व उपायांना समोर ऐकणारा माणूस लागतो. जुना कच्छी वा मारवाडी दुकानदार चार-पाच भाषांतील नावे मनात जुळवून ठेवी. तो एक न छापलेला कोशच होता. ज्या दुकानात गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून माल उचलावयाचा, तेथे हा कोश नाही, केवळ वेष्टनावरील अक्षरे आहेत. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांप्रमाणे वेष्टनावरील आवश्यक मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत अथवा इंग्रजीत असावा लागतो. अन्य भाषा जोडीला चालते, सक्तीची नाही. त्यामुळे पाकिटावर कुल्थी असते, हॉर्स ग्राम असते, कुळीथ असेलच असे नाही. हुलगा तर फार दूर राहिला. भ्रमणध्वनीवरून माल मागविताना अडचण आणखी बारीक होते. हळीव, अळीव, अहळीव यांपैकी कोणते लेखन यंत्राच्या यादीत आहे, हे बाळंतिणीसाठी लाडू करू पाहणाऱ्या आजीने कसे ओळखावे? यंत्र 'कशासाठी हवे?' असे विचारीत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी येथे पुरेसे काम आहे. पनवेल तालुक्यातील दहा-बारा दुकाने निवडावीत. गिऱ्हाइकाने उच्चारलेले नाव, त्याचा मूळ जिल्हा, दुकानदाराने लावलेला अर्थ व प्रत्यक्ष दिलेला माल अशा चार रकान्यांत नोंद करावी. 'नाही' हे उत्तर मिळालेले प्रसंग वगळू नयेत; तेच अधिक महत्त्वाचे. प्रत्येक नोंदीस मालाची पुडी जोडावी व तिची ओळख वनस्पतिशास्त्र विभागाकडून पक्की करून घ्यावी, कारण मागणारा व देणारा या दोघांच्याही शब्दावर येथे विसंबता येत नाही. आरंभ काळ्या जिऱ्यापासून करावा. या नावाने प्रस्तुत लेखकाने आणलेल्या तीन पुड्या विभागात ठेवल्या आहेत. त्यांपैकी दोन वासावरून ओळखता येतात. तिसरी चाखून पाहू नये.